भालेरावांचं कौशल्य मान्य आहे

भालेरावांसमोर ‘साधारण’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कॅन्टीनमध्ये कोणी म्हणालं, “साधारण दहा मिनिटांत येतो,” की ते ताटावरून मान वर करून विचारायचे, “म्हणजे नऊ की अकरा?” अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात ते मोजमापाची उपकरणं दुरुस्त करायचे आणि मी शेजारच्या टेबलावर त्या उपकरणांचे दाखले टाइप करायची. म्हणजे अचूकपणा त्यांचा, शुद्धलेखन माझं आणि सही साहेबांची.

एकदा बॉयलरवरचा दाबाचा काटा त्यांनी उतरवायला लावला. प्रॉडक्शनचे साहेब भडकले. “अहो, बरोबर दाखवतोय की!”

“साहेब, तो दाखवत नाहीये, अडकलाय. योगायोगाने बरोबर जागी अडकलाय.”

उघडून पाहिलं तर आतलं दातेरी चाक पार झिजलेलं. बॉयलर फुटला नाही. न फुटलेल्या बॉयलरबद्दल कुणाला बक्षीस देण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती, त्यामुळे भालेरावांनाही मिळालं नाही.

पुढे मॅनेजमेंटला साक्षात्कार झाला की दुरुस्त करण्यापेक्षा फेकून नवं घेणं बरं. भालेरावांना स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे आणि साबणाच्या वड्या वाटायला. त्याच आठवड्यात ते एक प्रिंटआउट घेऊन माझ्याकडे आले. परदेशातल्या एका सरकारला कुशल माणसं हवी होती आणि यादीत चक्क सूक्ष्म उपकरणं बनवणारे आणि दुरुस्त करणारे होते. भालेराव कागदावर बोट ठेवून म्हणाले, “मॅडम, आपलं नाव छापलंय बघा.”

नाव छापायला काय जातं! खाली अटी होत्या. वय पंचेचाळीसच्या आत. भालेराव तेव्हा त्रेचाळीस. आयटीआयचं प्रमाणपत्र. इंग्रजीची परीक्षा. कॅमेऱ्यासमोर मुलाखत. आणि आजवर जिथे जिथे काम केलं तिथलं पत्र, लेटरहेडवर. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी बदलापूरच्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या. मी म्हटलं, “नर्सही आहेत यादीत. वहिनींचाच अर्ज टाका ना, सोपं जाईल.”

“घराला न्यायचं तर मी नेईन, मॅडम. बायकोचा पदर धरून जाऊ काय?”

इतक्या अचूक माणसाचंही एखादं माप चुकतं.

पहिली अकरा वर्षं त्यांनी उल्हासनगरला एका सिंधी शेटच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. तिथे आता शेटच्या मुलाचं फर्निचरचं दुकान आहे. आम्ही दोघं गेलो, तर म्हातारे शेट सोफ्यावरून धडपडत उठले. “अरे साईं, अशोक! मॅडम, इसके हाथ में जादू है.” पत्र लगेच दिलं. वर्कशॉपचं लेटरहेड कुठून उरणार? दुकानाचंच वापरलं. वर डबल बेड आणि ड्रेसिंग टेबलाचं चित्र, खाली मजकूर : भालेराव यांनी येथे अकरा वर्षे मायक्रोमीटर दुरुस्त केले.

चार महिने विचार करून तिकडच्या कार्यालयाने विचारलं, फर्निचरच्या दुकानाला केसाची जाडी मोजणारे मायक्रोमीटर कशाला लागतात? प्रश्न चुकीचा नव्हता. मग शेटचं शपथपत्र, जुन्या लायसनची झेरॉक्स, आणखी पाच महिने.

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत विषय आला : आवडलेल्या एका सुट्टीबद्दल दोन मिनिटं बोला. भालेराव म्हणाले, “सर, आय टेक नो हॉलिडे,” आणि उरलेला वेळ प्रामाणिकपणे गप्प बसले. नापास. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्याकडून महाबळेश्वरची एक सहल पाठ करून घेतली, घोड्यासकट. पास झाले. पण खूश नव्हते. “हे कसलं टेस्टिंग, मॅडम? खरं माप रिजेक्ट, खोटं पास.”

मुलाखतीत मात्र बहार आली. परीक्षकाने कॅमेऱ्यासमोर मायक्रोमीटर धरून आकडा विचारला. भालेरावांनी शून्य तपासायला तो आधी पूर्ण बंद करायला सांगितला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “सर, युवर झीरो इज नॉट झीरो.” परीक्षकाने चष्मा लावून पाहिलं आणि मोठ्याने हसला.

पत्र आलं. कौशल्य मान्य. फक्त पुढचं बोलावणं निघेपर्यंत भालेरावांनी पंचेचाळीस पूर्ण केली होती. नऊ दिवसांपूर्वी. कौशल्य तेच होतं, वय तेवढं मापाबाहेर गेलं. मी सरकारला मनसोक्त शिव्या घातल्या. भालेराव म्हणाले, “नऊ दिवस म्हणजे नऊ दिवस. मीसुद्धा रिजेक्टच केलं असतं.” पण त्या दिवशी साबणाच्या वड्या देताना ते कुणाकडेच बघत नव्हते.

संध्याकाळी मी बेलवलीला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा दिला, हात पुसले आणि कपाटातून एक फाइल काढली.

“मी मागच्या वर्षीच इंग्रजीची परीक्षा दिली. कागद तयार आहेत. तुम्ही हो म्हणालात तर टाकते.”

“मला बोलली नाहीस?”

“तुमचं चाललं होतं ना. मध्ये कशाला लुडबुड?”

भालेरावांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग त्यांनी फाइल मांडीवर घेतली. एकेक पान उलटत गेले. मला वाटलं, आता भिरकावतात. एका पानावर बोट ठेवून थांबले.

“रुजू झाल्याची तारीख चुकलीये. पेन आण.”

वहिनींनी पेन दिलं आणि तोंड फिरवून त्या उगाचच गॅस पुसायला लागल्या.

सहा महिन्यांत वहिनींचा व्हिसा आला. त्यात भालेरावांनाही जागा होती : अवलंबून असलेली व्यक्ती. निरोपाच्या दिवशी साहेबांनी खवचटपणे विचारलं, “मग, तिकडे तुम्ही काय करणार?” भालेराव ताठ उभे राहिले. “हिला नोकरी लागलीये, साहेब. मी सोबत चाललोय.” एवढं स्वच्छ वाक्य त्या ऑफिसात आधी कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही.

परवा त्यांचा फोन आला. एका वर्कशॉपमध्ये लागलेत, उपकरणं दुरुस्त करायला. पण तिथला स्थानिक अनुभव नसल्याने हुद्दा ट्रेनी. छातीवर तसा बिल्लाही लावतात. वरचा साहेब सव्वीस वर्षांचा.

मी धीर करून विचारलं, “कसा आहे हो साहेब?”

“चांगला आहे पोरगा,” भालेराव म्हणाले. “शिकेल हळूहळू.”