पायघोळ झगा

जामसरच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथून अर्धा तास चाललं की सोमीचा पाडा येतो. पाड्यावर शिलाई मशीन एकच, तिचं. जव्हारला शिवणवर्ग करून तिने ते मिळवलं आणि तेव्हापासून टेप तिच्या गळ्यात असतो. भाकरी थापतानाही तो काढायचं तिच्या लक्षात येत नाही. तिचा नवरा तुका ठाण्याकडे बांधकामावर असतो. सुट्टीवर आला की म्हणतो, ही मला पण मापूनच घरात घेते.

पाड्यावर विश्वासी घरं अकरा. बाकीचे त्यांना येशूवाले म्हणतात, रागाने नव्हे, ओळख म्हणून. रविवारची प्रार्थना सोमीच्या अंगणाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. जव्हारहून पास्टर कमलेश मोटारसायकलवर येतात, मागे बायको शीला. एका रविवारी त्यांनी पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातला भाग वाचला होता. बायकांनी भिडेने आणि मर्यादेने शोभेल असा पेहराव करावा, केसांच्या गुंफणीने, सोन्यामोत्यांनी, भारी कपड्यांनी नव्हे तर चांगल्या कामांनी नटावं, असा. सोनं, मोती आणि भारी कपडे पाड्यावर कुणाकडेच नव्हते, त्यामुळे तो भाग कुणाला लागला नाही. चांगली कामं जो तो आपापल्या परीने करतच होता. मग उरले ते पाय.

पायांचा नियम पास्टरांनी केला नाही. तो सोमीने केला. पोलक्याचा गळा मागून चार बोटं, बाही कोपरापर्यंत, साडी घोट्यापर्यंत आणि आत परकर. नव्या विश्वासी बाईला ती स्वतः परकर शिवून देई, त्याची शिलाई घेत नसे. शीलाने एकदा सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं की या मंडळीच्या बायका किती नीट राहतात. त्या दिवशी सोमीला फार बरं वाटलं होतं.

ती स्वतः लग्नात लुगडं नेसूनच आली होती, गुडघ्यावर, मागे घट्ट कासोटा. दोन्ही पोटऱ्यांवर गोंदण. मावशीने मांडीवर पाय घेऊन ते गोंदवून घेतलं होतं, तेव्हा सोमी अकरा वर्षांची होती. बाप्तिस्मा घेतल्यापासून बारा वर्षांत तिच्या पोटऱ्या कुणी पाहिल्या नव्हत्या. आवणीच्या, भातलावणीच्या चिखलातही ती साडीखाली तुकाची जुनी पॅन्ट घालून उतरायची. बायका हसत. हसू देत, ती म्हणायची.

मावशी म्हणजे बाळी. सोमीची आई लवकर गेली आणि बाळीने तिला वाढवलं. बाळीच्या अंगावर कायम गडद रंगाचं जाड लुगडं, गुडघ्याच्या वर, आणि खांद्यावरून घेतलेली वेगळी फडकी. सत्तरीला आली तरी ती डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन घाट उतरायची. प्रार्थनेला ती दहा वर्षं येत होती, पण शेडच्या उंबऱ्यावर बसायची, एक पाय आत, एक बाहेर. आत का येत नाहीस म्हटलं की म्हणायची, इथनं पण ऐकू येतं, आणि कोंबड्यांवर पण लक्ष राहतं.

गेल्या वर्षी भात झोडून झालं आणि लोक कामाला बाहेर पडायच्या आधीचा रविवार होता. प्रार्थना संपली तसं बाळी उंबऱ्यावरूनच म्हणाली, "मना पण पाण्यात घाला आता. किती दिवस दारात बसू."

सोमी रडली. बारा वर्षं ती याचसाठी प्रार्थना करत होती. नदीच्या डोहात, पास्टरांनी हात धरून पूर्ण बुडवून वर काढलेली मावशी तिने मनात किती वेळा पाहिली होती. तिला आयुष्यात दुसरं काही फार मागायचं नव्हतं.

मग कळलं की नाताळच्या आधीच्या त्या बाप्तिस्म्याला नाशिकहून पाहुणे येणार आहेत. फोटो निघतील, ते त्यांच्या मंडळीत दाखवले जातील. त्या संध्याकाळी बाळी अंगणात नागली पाखडत बसली होती. सोमी समोरून तिच्याकडे बघत होती. बघता बघता तिला मावशी दिसेनाशी झाली आणि नुसते पाय दिसायला लागले. काळे, भेगाळलेले, गुडघ्यापर्यंत उघडे, त्यावर विरत गेलेलं हिरवं गोंदण. फोटोत हे पाय येतील, असं तिच्या मनात आलं.

तिने मावशीसाठी पांढरा झगा शिवायचं ठरवलं. घरात पांढरं कापड दोन प्रकारचं होतं. एक पॉपलीन, जाड, पण तुकडा आखूड. झगा पोटरीच्या मधेच संपला असता. दुसरं अस्तराचं पातळ कापड, भरपूर लांब. सोमीने ते दारात उजेडाला धरलं, मागे हात घातला. पाचही बोटं दिसली. शिवणारी बाई होती ती, कापड तिला कळत होतं. तरीही तिने कात्री अस्तराच्या कापडाला लावली, कारण ते घोट्यापर्यंत पोचत होतं.

झगा अंगाला लावून बघताना बाळीने खालचा घेर हातात धरला, चोळून पाहिला. म्हणाली, पाण्यात कासोट्याशिवाय कशी उतरू, पोरी? सोमीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती जे बोलली ते तिला अजूनही शब्दन्‌शब्द आठवतं.

"देवासमोर जायचं तर अंग झाकून जावं, मावशी. ते लुगडं आता बास."

बाळीने लुगड्याकडे एकदा पाहिलं, जसं काही ते कुणी दुसऱ्यानेच तिला नेसवलं होतं.

बाप्तिस्म्याच्या दिवशी डोहाच्या काठावर चाळीसेक माणसं होती. वरच्या अंगाला खडकावर हिराबाई कपडे धूत होती. ती बाळीची शेजारीण, विश्वासी नव्हे, आणि येशूवाल्यांना टोमणा मारायची एकही संधी न सोडणारी. त्या दिवशी बाप्तिस्मा घेणारे चौघे होते, बाळी शेवटची. सोमी काठावर टॉवेल धरून उभी होती.

बाळी कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि झग्यात हवा शिरली. घेर फुगून पाण्यावर वर आला, तिच्याभोवती तरंगत राहिला. खाली धरायला काही नव्हतं. जन्मभर कासोटा मारून नदीत, चिखलात, ओढ्यात उतरलेली बाई ती. तिचे हात मागे गेले, कासोटा शोधत राहिले आणि रिकामेच पुढे आले. तिने घेर दाबून धरला, पाय निसटला आणि ती पडली. पास्टरांनी दंडाला धरून उभी केली. तेव्हा झगा वरपासून खालपर्यंत भिजला होता आणि भिजलेलं अस्तराचं कापड अंगावर आहे की नाही हे कळत नव्हतं.

पास्टरांनी मान फिरवली. पाहुण्यांपैकी एकाने मोबाईल खाली घेतला. मागच्या पोरी हसू दाबत होत्या, एकीला ते दाबता आलं नाही.

बाळी दोन्ही हात छातीवर धरून उभी होती आणि काठाकडे पाहत होती. सोमीकडे. सोमीच्या हातात टॉवेल होता, मोठा, कोरडा. चार पावलांचं अंतर. तिने ती चार पावलं टाकली नाहीत. पाहुण्यांमधली एक बाई तिच्याकडे पाहत होती, हिनेच शिवला का झगा, अशा नजरेने, आणि सोमीला त्या क्षणी वाटलं की आपण हललो नाही तर कुणाला कळणार नाही ही आपली कोण आहे ते.

पाण्यात शिरली ती हिराबाई. धुणं खडकावर तसंच टाकून, कासोट्याने घट्ट बांधलेली, सरळ पाणी ढवळत. तिने स्वतःची फडकी सोडून बाळीला खांद्यापासून गुंडाळली आणि काठावर आणली. सोमीच्या समोरून जाताना थांबली. टॉवेलकडे बघून म्हणाली, "ठेव घडी घालून. खराब होईल."

बाळीचा बाप्तिस्मा झालाच नाही. पास्टरांनी बुडवायच्या आधीच ती पडली होती. पास्टरांनी नंतर काठावर प्रार्थना केली, पण ती ऐकायला बाळी नव्हती.

त्यानंतर बाळी उंबऱ्यावर दिसली नाही. सोमीने दोनदा भाजी पाठवली. भांडं धुऊन परत आलं, निरोप आला नाही. हातपंपावर हिराबाई असली की सोमी हंडा घेऊन मागे फिरे. एकदा फिरायला वेळ मिळाला नाही. हिराबाई बायकांना सांगत होती की आमच्या बाळीचं गुडघ्याखालचं सत्तर वर्षं सगळ्यांनी पाहिलं, कुणाला काही झालं नाही. वरचं बघायला मात्र हिचा झगा लागला. सोमीने हंडा भरला. अर्धं पाणी बाहेर गेलं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

मशीनवर बसलं की तिला ते कापड आठवे. शिल्लक तुकडा तिने चुलीत घातला. तो पटकन जळला, इतका पातळ होता. तिला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. नकळत चूक झाली असती तर सांगता आलं असतं. पण तिने कापड उजेडाला धरून बघितलं होतं. मावशी उघडी पडू नये याची काळजी तिला नव्हतीच. आपली मावशी अशी आहे, हे झाकायचं होतं.

शेवटी एका रविवारी सगळे गेल्यावर तिने पास्टरांना हे सांगितलं, उजेडाचं आणि टॉवेलचंसुद्धा. कमलेश तरुण माणूस, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. तो हेल्मेटचा पट्टा चाळवत राहिला. मग म्हणाला की त्या वचनात माप नाही दिलेलं, सोमीताई. भीड आणि मर्यादा म्हटलंय, घोटा नाही म्हटलेलं. सोमी म्हणाली, मग तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं? त्याने खाली बघूनच उत्तर दिलं.

"तुमच्या मापाने फोटो चांगले यायचे."

कामाला बाहेर गेलेले लोक शिमग्याला परतले. ईस्टरच्या आधी पुन्हा दोघा-तिघांचा बाप्तिस्मा ठरला, या वेळी पाहुणे नव्हते. सोमी बाळीच्या घरी गेली. बाळी दारात बसून झाडू बांधत होती. हिराबाईही होती, पण ती आपणहून उठून गेली. सोमीने वाटेत बोलायचं सगळं जुळवलं होतं, त्यातलं एकही आठवेना. ती मावशीच्या पायांपाशी बसली. तिच्या तोंडून एवढंच निघालं की मी टॉवेल घेऊन उभी होते, आले नाही.

बाळी म्हणाली, "पाहिला मी. मना दिसतंय अजून."

मग ती झाडू बांधत राहिली. दोरीची गाठ मारून झाल्यावर तिने विचारलं की येशूला लुगडं चालत नाय, असं त्या पुस्तकात कुठं लिहिलंय का. सोमीने मान हलवली, नाही. बाळीने पुन्हा विचारलं, मग कुणाला नाय चालत?

"मी येईन," ती म्हणाली. "माझ्या लुगड्यात. देवाशी माझं काय भांडण नाय. पण या वेळी तू काठावर नाय राहायचं. माझ्यासंगं आत यायचं. अन् तू पण लुगडं नेसून."

सोमी म्हणाली, माझ्याकडे लुगडंच नाही आता. बाळी आत गेली आणि पेटीतून घडी घातलेलं एक घेऊन आली, गडद जांभळं, जाड. वाटेत उजेडाला धरून पाहायची सोमीची हिंमत झाली नाही. गरजही नव्हती.

त्या दिवशी सकाळी तिला नेसता आलं नाही. मागे खोचायचं टोक कितीदा ओढलं तरी कासोटा सुटत होता. बारा वर्षांत हात विसरले होते. बाळीने येऊन नेसवलं. अकरा वर्षांच्या मुलीला नेसवावं तसं, कंबरेत गुडघा रेटून. गळ्यातला टेप तिनेच काढून मशीनवर ठेवला. सोमीने वरून मोठी शाल घेतली, पुढून खाली सोडली. बाळी म्हणाली, काढ ती. तरंगेल.

घरापासून डोहापर्यंत वीस मिनिटांची वाट. सोमीला ती कधी एवढी लांब वाटली नव्हती. गुडघ्याखाली वारा लागत होता. काठावर मंडळी उभी होती, त्यात तिने परकर शिवून दिलेल्या बायका होत्या. त्यांच्या नजरा आधी तिच्या चेहऱ्यावर आल्या आणि मग खाली गेल्या, पोटऱ्यांवरच्या गोंदणावर थांबल्या. शीलाने ओठ आवळले आणि बाजूच्या बाईकडे पाहिलं. सोमीला ते ओठ ओळखीचे वाटले. दारात उभी राहून दुसऱ्यांचे पाय बघताना तिचे स्वतःचे असेच होत असणार.

तिला हात कुठे ठेवावेत कळेना. ते पुन्हा पुन्हा खाली जात, झाकायला, आणि तिथे झाकायला काही नव्हतं. बाळीने त्यातला एक हात पकडला.

पाणी थंड होतं. कमरेपर्यंत गेल्या तरी दोघींची लुगडी जागची हलली नाहीत. पास्टर कमलेशने बाळीचं नाव घेतलं, तिला मागे कलवलं आणि पूर्ण बुडवलं. ती वर आली ती खोकत, नाकातलं पाणी पुसत. लुगडं तिच्या अंगाला होतं तसंच होतं. तिने डोळे पुसून सोमीकडे बघितलं आणि तिचा हात सोडला.

"आता हो बाहेर," ती म्हणाली. "पुढनं जा. सगळ्यांना दिसू दे."

सोमी पुढे झाली. काठावर चढताना पोटऱ्यांवरून पाणी निथळत होतं आणि गोंदण ओलं होऊन गडद दिसत होतं. कुणीतरी टॉवेल पुढे केला. तिने तो घेतला, मागे वळली आणि मावशीच्या खांद्यावर टाकला.