विहीणबाईंचं ताट

कामिनी सिस्टरच्या वॉर्डात एक कायदा होता, आणि तो कुठं लिहिलेला नव्हता. इन्सुलिन द्यायच्या आधी ती पेशंटचं ताट स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. "जेवलो" म्हणणाऱ्यावर तिचा काडीचा विश्वास नसायचा. "तोंडचं नका सांगू, ताट दाखवा," असं तिनं कलेक्टरलाही सुनावलं असतं. मौद्याच्या शेतकऱ्याची पोरगी, नर्सिंग शिकून नागपूरला आली, मानेवाड्यात संसार थाटला, आणि इतक्या वर्षांत तिच्या हातून एक सुई चुकली नव्हती. नवे डॉक्टर तिला बिचकून असायचे, जुने चिडवायचे. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

त्या दुपारी आयसीयूतून जयवंताबाईंना तिच्या वॉर्डात आणलं. बाई कुहीकडच्या. न्यूमोनिया झाला, त्यात शुगर भडकली, आणि मरता मरता वाचल्या. आता धोका टळला होता. त्यांना घेऊन आली आयसीयूची सिस्टर श्वेता, वयानं लहान पण कामाला वाघ. नेमकी ड्युटी बदलायची वेळ, लिफ्टमध्ये मागे दुसरं स्ट्रेचर अडकलेलं, वॉर्डबॉयची आरडाओरड. त्या गोंधळात लिफ्टच्या तोंडाशीच श्वेतानं भराभर सांगून टाकलं: औषधं ही ही, ऑक्सिजन बंद केलाय, मानेतली सलाईनची नळी काढली, हातातली आत्ता स्ट्रेचरवर घेताना निघाली ती नवी लावा, आणि इन्सुलिन जेवण झाल्यावरच. कामिनी मान डोलवत गेली. "बाकी सगळं ठीक, ताई," म्हणत श्वेता वर पळाली.

बाकी सगळं ठीक! किती सहज म्हणतो आपण हे.

थोड्या वेळानं आयाबाई यमुताईंनी जेवणाचं ताट ठेवलं. जयवंताबाईंचा मुलगा सुशील औषधं आणायला खाली गेला होता. कामिनी इन्सुलिन घेऊन आली तेव्हा ताट चाटूनपुसून साफ. वरणाचा थेंब नाही, भाताचं शीत नाही. खाटेजवळच्या स्टुलावर पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा असे एक वयस्कर गृहस्थ, पायाशी संत्र्यांची थैली.

"हे कोण, मावशी?"

"माहे व्याही. रुपराव पाटील. माही शोभा काटोलले यायच्याच घरी देली ना."

"बरं. जेवल्या का पोटभर?"

"झालं वं बाई. पोटभर झालं."

कामिनीनं ताट पाहिलं आणि खूश झाली. "शाबास मावशी," म्हणून तिनं सुई दिली. हाताला नवी नळी लावायची होती, पण तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना उलटी झाली आणि ती तिकडे धावली.

आजोबांचं आवरण्यात अर्धा-पाऊण तास गेला. ती टेबलाशी येते न येते तोच फोन वाजला. श्वेता होती.

"ताई, मी पार्किंगमधी हाओ. तोंडाले स्कार्फ बांधता बांधता आठवलं. जयवंता मावशी जेवताना कोणी जवळ बसलं होतं का?"

"काहून वं? मस्त जेवल्या त्या. ताट साफ."



"साफ? ताई, त्या दोन घासाच्या वर खात नाहीत. वर आम्ही बाजूले बसून, गोष्टी सांगून सांगून चारत होतो. तरी अर्धं ताट वापस जाये. साफ कसं होईन? तुमी इन्सुलिन देलं?"

फोन तसाच टेबलावर टाकून कामिनी धावली.

जयवंताबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. रुपरावांनी ओठावर बोट ठेवलं. "आत्ताच डोळा लागला, सिस्टरबाई. झोपू द्या."

कामिनीनं कपाळाला हात लावला. थंडगार, आणि घामानं चिंब. "मावशी! ओ मावशी!" हूं नाही की चूं नाही. बोटाला टोचून थेंब मशीनवर घेतला. शुगरचा आकडा चाळिशीच्याही खाली! अरे देवा! तिचं तोंड सुटलं, आणि असं सुटलं की अख्खा वॉर्ड उठून बसला.

"डॉक्टरले बोलवा! ग्लुकोज आणा! हे ताट कोण जेवलं?"

रुपराव उभे राहिले.

"मी जेवलो, बाई. सकाळच्या बसनं निघालो, पोटात काई नाई, असं बोलण्यात बोलून गेलो. तं त्याईनं ताटच पुढं सरकवलं. म्हणे, व्याही उपाशी गेले तं माह्या पोरीले सासरी काय वाटन? तुमी जेवा, मी मंग जेवीन. मले वाटलं, त्यायचं दुसरं ताट येईन."

कामिनीला हे माहीत नव्हतं असं थोडंच? मौद्याला तिच्या आईनं उभा जन्म हेच केलं. व्याही आले की भांडं खरवडून त्यांना वाढायचं आणि कोणी विचारलं तर "माझं झालं" म्हणायचं. असल्या घरात वाढलेली ही पोरगी, आणि रिकामं ताट बघून शाबासकी देऊन मोकळी झाली! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मागे रुपरावांनी संत्रं सोललं आणि फोड विहीणबाईंच्या ओठाशी नेली. "खबरदार!" कामिनी किंचाळली. "शुद्धीत नाही त्या. श्वासात जाईल!" फोड खाली पडली.

डॉक्टर गौरांग आला. नवाच होता, पण घाबरून बसणारा नव्हता. शुगर वाढवायचं, दंडात द्यायचं इंजेक्शन आणायला त्यानं माणूस पिटाळला आणि हाताला शीर शोधू लागला. एकदा टोचलं, फुगलं. दुसऱ्या हाताला टोचलं, तेही गेलं. आयसीयूत टोचून टोचून दोन्ही हात काळेनिळे झालेले. कामिनीच्या हातात ग्लुकोज भरून तयार, आणि ते घालायला जागा नाही.

तेवढ्यात जिन्यानं धापा टाकत श्वेता आली. स्कार्फ अर्धा गळ्यात, अर्धा पाठीवर.

"हात सोडा, सर. डावा पाय. घोट्याजवळची शीर चांगली हाये."

गौरांगनं जागा दिली आणि स्वतः मोबाईलचा उजेड धरला. यमुताईंनी गुडघा घट्ट दाबला. कामिनीनं पट्टा आवळला. श्वेतानं सुई घातली, आणि गेली आत! गौरांगनं हळूहळू ग्लुकोज सोडलं. चौघंही त्या एका चेहऱ्याकडे बघत होती.

पापणी हलली. मग डोळे उघडले. जयवंताबाईंनी आपल्याभोवतीची गर्दी पाहिली, आणि पहिला प्रश्न काय विचारावा?

"व्याही कुठं हायेत? अर्धपोटी तं नाही ना उठले?"

रुपराव दुपट्टा तोंडात कोंबून ढसढसा रडले.

बाहेर श्वेताही रडत होती. "माही चूक, ताई. लिफ्टपाशी एवढंच सांगायचं राहून गेलं."

"तू फोन केला म्हणून बाई जित्ती हाये," कामिनी म्हणाली. "अन् मीबी कुठं विचारलं तुले? दोघीच्या दोघी घाईत." मग दोघी गौरांगला घेऊन औषधं आणून परतलेल्या सुशीलसमोर गेल्या आणि काय झालं ते काही न लपवता सांगितलं. तो ऐकून तडक आईच्या खाटेकडे धावला.

संध्याकाळचं ताट आलं तेव्हा रुपराव आपणहून वऱ्हांड्यात जाऊन बसले होते. कामिनी स्टूल ओढून खाटेला लागून बसली. आता बघते, म्हणाली मनाशी, एक घास इकडचा तिकडे कसा होतो ते.

जयवंताबाईंनी पोळी मोडली. पहिला तुकडा भाजीत बुडवला, आणि कामिनीकडे बघत थांबल्या.

"तोंड किती सुकलं वं तुहं. दुपारपासून माह्यामागं धावून राहिली, काई खाल्लं नसन तू. घे. मी मंग खाईन."

कामिनीला दुपारपासून खरंच काही मिळालं नव्हतं. पोटात कावळे ओरडत होते, समोरच्या चेहऱ्यावर अगदी तिच्या आईची माया होती, आणि तिचा हात पुढे गेला. गेला म्हणजे गेलाच! तुकड्याला बोटं लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण काय करतोय.

"आधी तुमी," ती कशीबशी म्हणाली आणि तो तुकडा जयवंताबाईंच्या तोंडात घातला. शेवटचा घास गिळेपर्यंत ती जागची हलली नाही.

रात्रीची सिस्टर आली तेव्हा कामिनीनं टेबलाशी उभं राहून काही सांगितलं नाही. तिला मनगट धरून खाटेपर्यंत नेलं, औषधं सांगितली, पायातली नळी दाखवली, आणि मग तिच्या कानाशी लागली.

"अन् हे पक्कं ध्यानात ठेव. या बाईपुढं आपल्याले भूक लागली म्हणून चुकूनही बोलू नको."