जुना पार्ट माझा

अर्ध्या इंजिनिअरला कामाचे पैसे विचारले की तो चिडायचा. "पैशासाठी करतो का मी?" म्हणत स्क्रूड्रायव्हर खिशात टाकायचा, पुढे आलेला चहा प्यायचा आणि उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणायचा, "तो जुना पार्ट मात्र मी नेतो हं." दुरुस्तीत निघालेला जुना पार्ट त्याचा, हा त्याचा दस्तूर. कोणी हरकत घेत नसे. खडखडणारा पंखा नाहीतर मागे पडलेली हार्ड डिस्क घरात ठेवून तिचं काय लोणचं घालायचंय?

तसा तो पाणीखात्यात कारकून. मीटरचे आकडे रजिस्टरातून कॉम्प्युटरवर चढवायचे, हे काम तो अठ्ठावीस वर्षं करत होता. इंजिनिअरिंगची दोन वर्षं झाली आणि वडील गेले, तेव्हा कॉलेज सुटलं ते सुटलंच. मेहुण्याने एकदा जेवताना "आमचे अर्धे इंजिनिअर" म्हटलं आणि ते नाव घरभर, मग गल्लीभर झालं. टोमणा होता, पण त्याला आतून बरं वाटलं होतं. अर्धा तर अर्धा, इंजिनिअर तर म्हणतात!

सल्ला मात्र तो पुरा द्यायचा, न विचारता द्यायचा आणि जिन्यात गाठून द्यायचा. "प्रिंटर घेऊ नका. महिन्याला दोन पानं छापायची तर कोपऱ्यावरच्या दुकानात जा, तेवढंच चालणं होईल." "राऊटर कपाटात कोंडायचा आणि वर नेट येत नाही म्हणून रडायचं, याला काय अर्थ आहे?" "मशीन संथ झालं की आधी आतली धूळ काढा, मग रॅम वाढवा, नवीन घ्यायचं सगळ्यात शेवटी." आणि बोट वर करून: "एकच प्रत म्हणजे एकही प्रत नाही, लिहून ठेवा!" फोटो, कागदपत्रं इंटरनेटवर कुठे ठेवावीत का, असं कोणी विचारलं तर तो कपाळाला हात लावायचा. "आपलं सामान दुसऱ्याच्या घरात कशाला? आपलं आपल्या घरात बरं." निम्म्या गल्लीने त्याचं ऐकून फोटो घरातल्याच डिस्कवर ठेवले होते. त्याच्या बहिणीनेही.

बहीण त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, दोन गल्ल्या सोडून राहायची. तिची मुलगी ठकी सतरा वर्षांची. ठकीला ऐकू येतं, कळतं सगळं, कधी कधी नको तेवढं. पण जन्मापासून बोलता येत नाही, आणि हाताची बोटं खुणा करण्याइतकी वळत नाहीत. एक उजवी तर्जनी तेवढी तिचं ऐकायची. त्या एका बोटासाठी मामाने दहा वर्षांपूर्वी बहिणीच्या घरी बोटाने चालणारा पडदा बसवला होता. पडद्यावर चौकोनी घरं, प्रत्येक घरात एक चित्र. बोट लावलं की कॉम्प्युटर तो शब्द बोलायचा. चित्रं बहिणीने काढली होती, एकेक करून, दहा वर्षं: ठकीचाच पेला, ठकीचाच लाल टॉवेल, समोरच्या काकू, दुखतंय तो गुडघा. एका पानावर चाळीस घरं, अशी साठ पानं. आवाज आधी बहिणीचाच होता. चौदाव्या वर्षी ठकीने संप केला. आईच्या आवाजात बोलायचं नाही म्हणजे नाही! मग वर राहणाऱ्या तिच्याच वयाच्या मुलीने उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घालवून सगळे शब्द म्हणून दिले. ती मुलगी पुढे आईवडिलांबरोबर लांब निघून गेली, पण तिचा आवाज ठकीचा झाला.

कॉम्प्युटर हळूहळू म्हातारा झाला होता. बोट लावल्यावर शब्द यायला तीन-चार सेकंद लागायचे, तोवर समोरचा माणूस विषय बदलायचा आणि ठकी टेबलावर हात आपटायची. "हार्ड डिस्क काढून टाकू," मामा म्हणाला. "नव्या जातीची टाकू, एसएसडी. आत फिरणारं काही नाही, आवाज नाही, धक्का लागला तरी फरक नाही. डोळे झाकून घे." बहिणीने खरंच डोळे झाकून घेतली. एका रविवारी त्याने जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर चढवलं आणि ठकीने बोट ठेवताच शब्द बाहेर पडला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून ती भांडायला लागली, मध्येच तोंड घालायला लागली, बापाला "गप्प बस" म्हणायला लागली. सात महिने त्या घरात मामाचं नाव देवासारखं घेत होते.

जाताना त्याने जुनी डिस्क उचलली. बहीण म्हणाली, "दादा, ती जपून ठेव हो. त्यात सगळं आहे."

"ठेवतो की," तो म्हणाला, आणि घरी येऊन खरंच ठेवली. चिकटपट्टीवर "ठकी" लिहून, माळ्यावर.

दोन महिन्यांनी त्याच्या इमारतीच्या जिन्यातून चपला चोरीला जायला लागल्या. सगळ्यांनी त्यालाच गळ घातली. त्याने कॅमेरा आणला, रेकॉर्डर आणला आणि रेकॉर्डरमध्ये घालायला माळ्यावरचे जुने पार्ट खाली काढले. चालू स्थितीत एकच डिस्क निघाली. विसरला असता तर बरं झालं असतं, निदान विसरलो म्हणता आलं असतं. पण पट्टीवरचं नाव त्याने नीट वाचलं होतं. नवी छान चाललीये, तीन वर्षांची वॉरंटी आहे, पुढच्या महिन्यात तिचीच दुसरी प्रत काढू, असा हिशेब त्याने उभ्या उभ्या केला. रेकॉर्डरने विचारलं, सगळं पुसू का? त्याने हो म्हटलं. पुढचा महिना काही आला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आणि एका बुधवारी सकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, पडदा काळाच आहे रे. नुसती एक इंग्रजी ओळ येते आणि बंद."

तो ऑफिसला न जाता तिकडे गेला. केबल बदलली, जागा बदलली, डिस्क घरी आणून स्वतःच्या मशीनला लावली. मशीनला ती दिसेचना. जुनी हार्ड डिस्क मरायच्या आधी कटकट आवाज करते, अडखळते, माणसाला चार दिवसांची मुदत देते. हिने काहीच दिलं नव्हतं. आत फिरणारं काही नाही, आवाज नाही, हे त्याचेच शब्द होते. इंटरनेटवर कोणीतरी लिहिलं होतं, नुसती वीज देऊन अर्धा तास ठेवा, कधी कधी जागी होते. त्याने अर्धा तास ठेवली, मग दोन तास, मग दुपारभर. शेजारी खुर्ची टाकून बसला आणि तोंडाने पुटपुटत राहिला, "ऊठ बाई, ऊठ." बायकोने दारातून बघितलं आणि आत गेली.

गुरुवारी तो डिस्कवरचा मजकूर काढून देणाऱ्या एका दुकानात गेला. तिथल्या बाईने डिस्क उघडली, भिंगातून बघितली आणि सरळ सांगितलं, "काका, हिचा मेंदू गेलाय. आतली चिप काढली तरी कुलूपबंद असते, किल्ली त्या मेंदूतच होती. वॉरंटीत नवी मिळेल."

"आणि आतलं?"

"डबा नवा मिळतो काका. डब्यातलं नाही मिळत." मग तिने त्याच्याकडे बघून जरा हळू विचारलं, "जुनी डिस्क असेल ना तुमच्याकडे?"

तो "आहे" म्हणाला. बहिणीलाही रोज तेच सांगत होता. ती फोनवर रोज विचारायची, "जुनी आहे ना रे तुझ्याकडे? मग बरं. मी उगीच घाबरते." आणि तो म्हणायचा, "आहे की. लावतोच आहे. जरा वेळ लागतो." वेळ मारून नेण्यात त्याने तीन दिवस काढले.

जिन्यातला रेकॉर्डर त्याने बुधवारीच बंद केला होता. पण डिस्क भरली की रेकॉर्डर पहिल्यापासून पुन्हा वर लिहितो, आणि ही पाच महिन्यांत सात-आठ वेळा तरी भरली होती. हे त्याला ठाऊक होतं. गल्लीतलं दुसरं कोणी असतं तर त्यानेच सांगितलं असतं, "सोडा, काही हाती लागणार नाही." तरी त्याने शोधून काढणारा प्रोग्राम लावला आणि शुक्रवार, शनिवार त्याच्यासमोर बसून राहिला. प्रोग्रामला फायली सापडल्या, हजारोंनी. एकेक उघडली. जिना. रिकामा जिना. दूधवाला. जिना. कठड्यावर टेकून दम खाणारी वरची आजी. पिशवी घेऊन वर येणारा तो स्वतः, डोक्यावरचं टक्कल कॅमेऱ्याला दाखवत. एक शब्द नाही, एक चित्र नाही, ठकीचा तो आवाज नाही. त्याला स्वतःची किळस आली. चपलाचोर तर त्यातही कुठे दिसला नव्हता!

शनिवारी संध्याकाळी तो बाजारात जाऊन दोन कोऱ्या डिस्क घेऊन आला. प्रत काढायला. बायको म्हणाली, "कशाची प्रत काढणार आहात?" बैल गेला नि झोपा केला, हे ती म्हणाली नाही, पण तिच्या तोंडावर होतं. मग ती त्याच्यासमोर बसली. "अहो, त्यांना सांगा आता. रोज आशेला लावताय त्या बाईला."

रविवारी सकाळी तो गेला. बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, त्याच्या हातातली पिशवी बघून तिचा चेहरा उजळला. "आणलीस?"

"अगं, बस जरा."

"बसते. लाव तू आधी. ती चार दिवस नुसती तडफडतेय रे. काल पोट दुखत होतं की पाय दुखत होता, मला शेवटपर्यंत कळलं नाही."

"जुनी डिस्क मी पुसली," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. "म्हणजे दुसरीकडे उतरवून ठेवलंस?"

"नाही गं. पुसली. आमच्या जिन्यातल्या कॅमेऱ्याला घातली. पाच महिने झाले."

"जिन्यात काय आहे तुमच्या?"

"चपला," तो म्हणाला.

बहीण खुर्चीवर बसली. तिने शिव्या दिल्या असत्या, पिशवी अंगावर फेकली असती, तर त्याला सोसलं असतं. ती नुसतीच बोटं मोजल्यासारखी करत होती, साठ पानं, चाळीस घरं. मग म्हणाली, "दहा वर्षं, दादा."

तेवढ्यात ठकी आतून आली. मामाला बघून हसली. आपल्या खुर्चीत बसली आणि काळ्या पडद्यावर बोट लावू लागली, सरसर, न अडखळता, एक वर, एक मध्ये, दोन खालच्या कोपऱ्यात. पडदा काळा आहे हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण घरं कुठे आहेत हे शोधायला तिला चित्रांची गरज उरलीच नव्हती.

"हे काय करतेय?" त्याने विचारलं.

"बोलतेय. बुधवारपासून असंच बोलतेय." बहिणीने डोळे पुसले. "पहिल्या पानावरची घरं मला पाठ आहेत. रोज समोर असायची ना. त्याच्यावरून ओळखते थोडंफार."

"आत्ता काय म्हणाली?"

बहीण त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मामा. येणार. नीट. करणार. चार दिवस हेच सांगतेय मला. मी रडले की सांगते."

गल्लीभर सल्ले वाटत फिरलेला अर्धा इंजिनिअर सोफ्याची कड धरून उभा राहिला.

"तिला तू सांग," बहीण म्हणाली. "मी नाही सांगणार. तिला ऐकू येतं."

तो ठकीच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला आणि त्याने सांगितलं. सगळं सांगितलं: माळा, चिकटपट्टी, पट्टीवरचं तिचं नाव, रेकॉर्डरने विचारलेला प्रश्न आणि आपण दिलेलं उत्तर. "मी वाचलं होतं बाळा तुझं नाव. वाचून पुसलं." नव्याने सगळं उभं करू, मी रोज येईन, असंही म्हणाला, पण वर राहायची त्या मुलीचा आवाज परत येणार नाही, हेही म्हणाला. ठकीने सगळं ऐकून घेतलं. मग पडद्याकडे वळली.

आधी उजव्या कोपऱ्यातल्या घरावर बोट गेलं, पान उलटायचं घर. मग पुन्हा तिथेच. पुन्हा. मग मधल्या कुठल्याशा घरावर, मग खाली, मग परत पान उलटून डावीकडे. बोट थांबत नव्हतं. मामासाठी तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. काच नुसती टकटक वाजत होती. शेवटी तिने हात मांडीवर ठेवला आणि उत्तरासाठी मामाच्या तोंडाकडे बघितलं.

त्याने बहिणीकडे मान वळवली. "काय म्हणाली?"

"पहिल्या पानाच्या पुढचं मला येत नाही, दादा," ती म्हणाली.