दोन्ही हात स्टिअरिंगवर

किस्से कबुतरांसारखे असतात. एकाला दाणे टाकले की दुसऱ्या दिवशी गॅलरी भरते, आणि मग जाळी लावून उपयोग नसतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर आम्ही तिघे रिटायर माणसं रोज सकाळी बसतो. पूर्वी आमचे विषय ठरलेले असत: शुगर, लिफ्ट आणि सोसायटीचा सेक्रेटरी. गेल्या वर्षी सावंतांच्या मुलीने कॅनडात ड्रायव्हिंग लायसन काढायला घेतलं आणि कोणाची शुगर किती, हे विचारायचं राहूनच गेलं.

तिघे म्हणजे मी, सावंत आणि टिपणीस. मी जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली. मला वाहन चालवता येत नाही; फाइल तेवढी चालवता येते, तीही सावकाश. सावंत मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः छापखान्यात. त्यांना स्कूटर येते. टिपणिसांकडे मात्र गाडी आहे. ती बारा महिने कव्हरखाली असते. दसऱ्याला ते कव्हर काढतात, हार घालतात, गाडी चाकभर पुढे घेतात, तेवढीच मागे घेतात आणि कव्हर परत घालतात. त्यामुळे ड्रायव्हिंगमधले तज्ज्ञ तेच.

सावंतांची रूपाली नर्स आहे. ती नवऱ्याबरोबर कॅनडातल्या एका लहानशा गावात गेली. तिथे तिला घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी मिळाली. घरं लांब लांब, बस तिकडे जात नाही. म्हणून अट एकच होती: बर्फ पडायच्या आत लायसन आणायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. नवऱ्याला अजून धड काम नव्हतं. सगळा संसार त्या नोकरीवर टेकलेला.

"तिकडच्या म्हाताऱ्यांक माझी पोरगी," सावंत म्हणाले, "आणि माका तुम्ही."

"तक्रार आहे का?" टिपणिसांनी विचारलं.

"तुमका नाडी बघूक येता?"



* * *

तसं रूपालीकडे आपल्याकडचं लायसन होतं. स्टेशनजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती शिकली होती. तिथे मास्तरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते, आणि मास्तरांचा शिष्यांवर विश्वास बेताचा. ही स्टिअरिंग धरून बसायची, बाकीची गाडी मास्तर चालवायचे, कानाला मोबाइल लावून.

शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "मास्तर, आता मी एकटी चालवू शकेन ना?"

"का नाही?" मास्तर म्हणाले. "फक्त बाजूला कोणीतरी पाहिजे."

लायसन हातात आल्यावर तिने टिपणिसांच्या गाडीतून सोसायटीला एक प्रदक्षिणा घातली. टिपणीस शेजारी बसले होते. उतरल्यावर त्यांनी लगेच गाडीवर कव्हर घातलं. त्यानंतर लायसन पाकिटात गेलं ते थेट कॅनडात निघालं.

तिथल्या लायसन-कचेरीच्या खिडकीवरच्या बाईने विचारलं, "हे किती वर्षांचं आहे?"

रूपालीने खरं ते सांगितलं. "सहा."

"सहा वर्षं? मुंबईत?"

"मुंबईत."

ती बाई उठली आणि पलीकडच्या टेबलावरच्या साहेबाला सांगून आली. हिमालय चढून आलेल्या माणसाकडे आपण बघतो तसे दोघे रूपालीकडे बघत राहिले. तिने लाजून मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

* * *

तिकडे शिकवायला तिला लुधियानाचे एक सरदारजी मिळाले. पहिल्याच वळणावर तिने आपल्या सवयीने हॉर्न दिला. रस्ता रिकामा होता. दोन घरांची दारं उघडली. एक आजोबा पायजम्यातच फुटपाथवर आले आणि कोणाला लागलंबिगलं का, ते विचारू लागले. सरदारजींनी काच खाली करून सगळ्यांची माफी मागितली आणि हिला समजावलं, "बेटा, यहाँ हॉर्न मतलब गाली."

हे फोनवर ऐकून टिपणीस अस्वस्थ झाले.

"मग आपण इथे दिवसभर काय करतो?"

"विचारपूस," मी म्हटलं.

* * *

पहिली परीक्षा. परीक्षक उंच, वयस्कर, पांढऱ्या भरघोस मिशांचे. त्यांचं नाव रूपालीने दोनदा सांगितलं, पण आमच्यापैकी कोणाच्याच जिभेवर ते टिकेना. बाकावर त्यांचं नाव 'मिशीवाले' पडलं.

तिकडे म्हणे सिग्नल नसलेल्या चौकातसुद्धा चारही बाजूंच्या गाड्या पूर्ण थांबतात. जो आधी आला तो आधी जातो, मग दुसरा, मग तिसरा.

"पोलीस असतो?" टिपणिसांनी विचारलं.

"नाही काका."

"कॅमेरा?"

"नाही."

"मग थांबतात कशाला?"

रूपालीला याचं उत्तर देता आलं नाही. परीक्षेतही तिला ते देता आलं नाही. ती त्या चौकात सगळ्यात शेवटी पोचली. बघते तर दोन गाड्यांच्या मध्ये गाडीभर जागा. मुलुंडला पाच रस्त्याच्या गर्दीच्या चौकात वाढलेल्या मुलीला अशी जागा दिसली की ती तिचीच असते. तिने गाडी घातली. घालताना उजवीकडे वळायचं म्हणून इंडिकेटर द्यायला गेली, तर तिकडच्या गाडीत त्या दांडीवर वायपर. लख्ख उन्हात वायपर फिरवत रूपाली चौकातून पार झाली.

मिशीवाल्यांनी पाय जमिनीवर जोरात दाबला. पण त्यांच्या बाजूला मास्तरांसारखा ब्रेक नव्हता.

गाडी थांबल्यावर ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे. फक्त इतर गाड्यासुद्धा खऱ्या आहेत, एवढं लक्षात ठेवा."

नापास.

* * *

सरदारजींचं म्हणणं पडलं, नुसतं मागे बघून भागत नाही. आपण बघतोय हे परीक्षकाला दिसलं पाहिजे. लेन बदलायच्या आधी मान पूर्ण खांद्यावरून वळवायची. रूपालीला ते जमेना. आता मुलीला जमत नाही म्हटल्यावर सावंतांनी स्वतः सुरुवात केली. रोज सकाळी फोन समोर टेकवून ते बाकावर बसायचे, हातात स्टीलच्या डब्याचं झाकण. आधी आरसा, मग खांदा, मग झाकण फिरवायचं. तिकडे ती तिच्या स्वयंपाकघरात तसंच करायची.

"मान वळव गो, मान. मान धरली हा काय तुझी?"

"बाबा, तुम्ही आरसा विसरलात."

"माझी परीक्षा नाय हा."

चार दिवसांत सवय अशी लागली की सावंत कोपऱ्यावर वळतानाही मान मागे टाकून बघू लागले. भाजीवाल्याने मला हळूच विचारलं, "काका, सावंतकाका कोणाच्या मागावर आहेत, की त्यांच्या मागावर कोणी आहे?"

मी म्हटलं, "कॅनडाला चाललेत. तिसऱ्या लेनमधून."

* * *

आता एक किस्सा इथला, कारण पुढच्याचं मूळ त्यात आहे.

एकदा सावंत आणि मी रिक्षाने बँकेत चाललो होतो. वाटेत आमच्या वळणावर गणपतीचं देऊळ लागतं. सावंत तिथून कधी तसेच जात नाहीत. चालत असोत, बसमध्ये असोत, स्कूटरवर असोत, उजवा हात आधी कपाळाला, मग छातीला, आणि क्षणभर डोळे मिटून. त्या दिवशी त्यांनी हात उचलला. नेमका त्याच क्षणी रिक्षावाल्यानेही उचलला. दोघांचे डोळे मिटलेले. तेवढा वेळ ती रिक्षा मी नुसत्या नजरेने चालवली.

नंतर सावंतांना मी काही बोललो, तर म्हणाले, "इतकी वर्षं काय झाला काय? मग? कोण चालवता ती?"



रूपाली लहान असताना त्यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहायची. देऊळ आलं की बाप म्हणायचा, "जय कर गो." ती जय करायची. हे सगळं शाळेत जाता-येता, वर्षानुवर्षं.

* * *

दुसरी परीक्षा. पुन्हा मिशीवालेच. या वेळी सगळं झकास चाललं होतं. चौकात थांबली, मान वळवली, वायपर जागच्या जागी. परतीच्या वाटेवर एका कोपऱ्यावर जुनं चर्च आहे, उंच मनोऱ्याचं. रूपालीचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला, कपाळाला गेला, छातीला आला, आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा मिशीवाले तिच्याकडे बघत होते.

"हे काय होतं?"

"सॉरी. देव."

"कोणाचा देव?"

रूपाली गोंधळली. "माहीत नाही," ती म्हणाली. "रस्त्यावर होता."

मिशीवाल्यांनी मांडीवरच्या बोर्डावर काहीतरी बराच वेळ लिहिलं. नापास.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर ती रडत होती. तिला कामावर घेणाऱ्या कंपनीने सांगितलं होतं, आता एकदाच. हवा गार व्हायला लागली होती आणि तिच्या जागेवर घ्यायची मुलगी कंपनीने बघूनही ठेवली होती.  सावंतवहिनी खाली आल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तरी मी सांगत होते. स्कूटरवर हात सोडू नका. पोरीला नर्स केली मी, आणि हात सोडायला शिकवलं तुम्ही."

"अगो, देवाक हात जोडलो..."

"जोडलात कुठे? सोडलात."

सावंत त्या दिवशी बाकावरून लवकर उठले.

* * *

मग बाकावर धर्मसभा भरली. प्रश्न असा, की देवाला मनातल्या मनात केलेला नमस्कार पोचतो का. सावंत म्हणाले, पोचतो. वहिनी म्हणाल्या, तसा पोचत असता तर तुम्ही इतकी वर्षं हात कशाला हलवलेत. टिपणिसांनी मधला मार्ग काढला: हनुवटी जरा खाली करायची. नमस्कारही होतो आणि आरशात बघितल्यासारखंही दिसतं.

"देवाला फसवायचं?" वहिनी.

"देवाला नाही हो. परीक्षकाला."

ठराव पास झाला आणि फोनवरून कॅनडाला कळवला गेला.

सावंतांनी मात्र स्वतःपुरता वेगळा निर्णय घेतला होता, तो आम्हाला दोन दिवसांनी रिक्षात कळला. देऊळ जवळ आलं तसे त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. ओळखीचा होता.

"काका, तब्येत ठीक आहे ना?"

"तू समोर बघ."

देऊळ मागे गेलं. सावंतांचे खांदे ताठ होते.  तेच म्हणाले, "पोरीक एकटीक कशाक त्रास? देवाक सांगलंय, थोडे दिवस समजून घे. दोघांचो नमस्कार एकदम करतलंय."

पुढचे पंधरा-वीस दिवस मुलुंडच्या त्या वळणावर एक सत्तरीचा माणूस हातांवर बसून जात होता.

* * *

तिसऱ्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी नेहमीपेक्षा लवकर बाकावर आलो. कोणी तसं ठरवलं नव्हतं. टिपणिसांनी तर गाडीचं कव्हरही काढून ठेवलं होतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. वहिनी खुर्ची घेऊन खाली उतरल्या. फोन वाजला. सावंतांनी तो वहिनींकडे दिला, वहिनींनी टिपणिसांकडे, टिपणिसांनी माझ्याकडे. शेवटी मीच उचलला. फाइल माझ्याकडेच येऊन थांबणार, हे मला नवीन नव्हतं.

रूपालीच्या मागे स्वयंपाकघराची खिडकी होती. खिडकीबाहेर भुरभुर बर्फ पडत होता.

"काका, पास," ती म्हणाली. "आज सकाळीच. बर्फ आत्ता सुरू झाला."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. सावंत म्हणाले, "आरसो बघितलंस?"

"बघितला हो बाबा. ऐका तरी."

परीक्षक पुन्हा तेच, मिशीवाले. तिला बघून त्यांनी फक्त "गुड मॉर्निंग" म्हटलं. चौक झाला, लेन झाली, गाडी मागे घेऊन झाली. एक चूक नाही. आणि मग परतीच्या वाटेवर तो कोपरा. चर्चचा मनोरा लांबूनच दिसायला लागला. तिने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं दुखायला लागली. हनुवटीचा ठराव ती साफ विसरली.

मिशीवाल्यांनी पेन खिशाला अडकवलं. मांडीवरचा बोर्ड बाजूला ठेवला.

"तुम्ही दोन्ही हात तिथेच ठेवा," ते म्हणाले. "आज मी करतो."

आणि त्यांनी उजवा हात आधी कपाळाला लावला, मग छातीला, आणि क्षणभर डोळे मिटले.