ढेरगेंड्याचे मागचे पाय

नवऱ्याचं घर सोडून ताई धाकट्या भावाकडे आली, तेव्हा दार उघडताच तिला भावाच्या आधी दिसलं ते कपाटावर ठेवलेलं एका अगडबंब जनावराचं ढुंगण. करडं, खवल्याखवल्यांचं, अर्धवट भरलेल्या पोत्यासारखं ओघळलेलं. हातातल्या बॅगा खाली ठेवत ती म्हणाली,

"हे अजून आहे?"

"आहे की," भाऊ म्हणाला. "पुढचा भाग भावजींकडे असतो."

"असणारच. त्याच्याकडे नेहमी पुढचाच भाग असतो."

एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. भाऊ बाहेर उभा. कपाटावरचं ढुंगण उतरवावं की राहू द्यावं, हे त्याला ठरवता येईना. ठरवणं हा त्याचा प्रांत कधीच नव्हता.

या भावाला लोक शेपूटराव म्हणत. लोक म्हणजे कारखान्यातले नव्हेत. तिथे तो सोफ्यांचा फोम कापायचा आणि दिवसभरात फोमपेक्षा जास्त आवाज करायचा नाही. शेपूटराव म्हणत ते मेळाव्यातले लोक. हे मेळावे चित्रकथा, कार्टून, राक्षस आणि अंतराळयानं यांच्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्या मंडळींचे. मोठमोठ्या मेळाव्यांना म्हणे जत्रेसारखी गर्दी लोटते. इथला मेळावा आपला घरगुती. शाळेचं व्यायामगृह भाड्याने घ्यायचं, भिंतीलगत विक्रेत्यांची टेबलं मांडायची, त्यांवर बिल्ले, छापील चित्रं, जुनी कॉमिक्स आणि 'दिसते खरी पण कापत नाही' अशी हमी दिलेल्या तलवारी. एका कोपऱ्यात चर्चासत्र. 'राक्षसाला आवाज कसा द्यावा' या विषयावर मंचावर चार तज्ज्ञ, समोर पाच श्रोते, आणि त्यांतले दोघे फोन चार्जिंगला लावून बसलेले. पण वाद असा हातघाईवर आलेला, की उद्या सकाळपासून राक्षसांची भरती सुरू होणार आहे असं वाटावं.

आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे कॉस्प्ले. आपल्याला हवं ते पात्र व्हायचं. त्याचा वेष स्वतः शिवायचा, चिकटवायचा, रंगवायचा आणि दिवसभर मिरवायचा. बँकेतला रोखपाल इथे अंतराळाचा सेनापती. दातांची डॉक्टरीणबाई शिंगं लावून, जांभळी होऊन फिरणार. एकमेकांना सगळे हसत, पण त्या हसण्याने कुणाचं काही कमी होत नसे.

ढेरगेंडा ही कल्पना अर्थातच भावजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. भावजी गाडी शिकवायचे. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच आणि ब्रेकमधला फरक शिकवला होता, आणि उरलेल्या अर्ध्याला तो कळत नाही यावर त्यांचा ठाम विश्वास होता. एकदा सोफ्याचे उरलेसुरले तुकडे पाहून ते म्हणाले, "याचा गेंडा होईल." शेपूटरावांनी कापला, शिवला, चिकटवला, रंगवला. पोट मात्र गोंद सुकायच्या आत खाली उतरलं आणि तसंच राहिलं. म्हणून ढेरगेंडा. हा कुठल्या गोष्टीतला, असं कुणी विचारलं की भावजी दर वर्षी नवी गोष्ट रचून सांगत, आणि सांगताना स्वतःही ती खरी मानत.

पुढच्या पायांत भावजी, मागच्या पायांत शेपूटराव. पुढच्याला नाकपुड्यांतून बाहेरचं दिसे. मागच्याला दिसे पुढच्याची कंबर, आणि तीही अंधारात. म्हणून एक रीत पडली होती. पुढून भावजींनी ओरडायचं, "पायरी!" मागून शेपूटरावांनी म्हणायचं, "हो." "डावीकडे!" "हो." "थांब, लहान मूल आहे!" "हो." फक्त एकदा, अगदी पहिल्या वर्षी, शेपूटरावांनी "हो" ऐवजी "का?" विचारलं होतं. त्याचं उत्तर मिळेपर्यंत ढेरगेंडा बिल्लेवाल्या बाईंच्या टेबलावर आडवा झाला होता. त्यानंतर नऊ वर्षं "हो" म्हणजे "हो." डोक्यापर्यंत न जाता ते परस्पर तोंडातून निघू लागलं.

आणि आणखी एक गोष्ट होती. भावजी समोरासमोर फक्त सूचना देत. ढेरगेंड्यात शिरले की मात्र बोलत. वडील गेले तेव्हा आपल्याला रडू का आलं नाही, ते तिथेच बोलले. रात्री झोप लागत नाही, हेही तिथेच. शेपूटरावांनाही त्या फोमच्या पोटात बरं वाटे. बाहेर त्यांच्याकडे कुणी वळून बघत नसे. आत शिरलं की मुलं त्यांच्या शेपटीला लोंबकळत.

आणि आता ताई आली होती. कारण अगदी साधं. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने तिला प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलं. फोन आला तेव्हा ती अंघोळीला गेली होती. भावजींनी तो घेतला आणि "त्यांना तिकडे यायला जमणार नाही" असं सांगून ठेवूनही दिला. तिला सांगितलं ते आठवड्याने, जेवताना, मीठ मागावं तसं. मारझोड नाही, दारू नाही, बाई नाही. नातेवाईकांना तर कळेचना की या एवढ्याशा गोष्टीवरून कुणी घर सोडतं का.

शेपूटरावांची पंचाईत वेगळीच. त्या माणसाला आता म्हणायचं काय? भावजी म्हणावं तर ताईच्या कपाळाला आठी. नावाने हाक मारावी तर जीभ वळेना. शेवटी घरात त्यांचा उल्लेख 'ते' असा होऊ लागला, आणि 'ते' म्हटलं की दोघंही कपाटाकडे बघत.

मेळाव्याच्या आधी 'त्यांचा' फोन आला. काहीच घडलं नसल्यासारखा.

"रविवारी दहाला. मागचा भाग घेऊन ये. गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस."

"हो," शेपूटराव म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांच्या ध्यानात आलं.

ताईला त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"जा."

"तू म्हणत असशील तर नाही जात."

"मी कशाला म्हणू? तू काय लहान आहेस? जा, त्याच्या कमरेला धरून फीर. आपल्या घराण्यालाच मागचे पाय व्हायची हौस."

"ताई, असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू?" तिने सुरी खाली ठेवली. "हे बघ. मी पुन्हा अर्ज केला होता. त्यांनी घेतलंय मला. पुढच्या महिन्यात जायचंय. हे त्याला कळता कामा नये. कळलं तर तो फोन उचलणार आणि मध्ये पडणार. चांगल्यासाठी पडेल की वाईटासाठी, त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. एवढं सांभाळशील?"

"शपथ."

"शपथ नको. तोंड बंद ठेव, झालं."

रविवारी व्यायामगृहात नेहमीचीच गडबड. सेनापतीचं शिरस्त्राण दारात अडकलेलं. डॉक्टरीणबाईंचं एक शिंग लोंबत होतं आणि त्या गोंद शोधत होत्या. बिल्लेवाल्या बाईंनी ढेरगेंड्याला पाहताच नेहमीसारखं टेबल मागे ओढलं आणि ओरडल्या, "आले गं बाई गेंडेमहाराज! शेपूटराव, जपून हं!" भावजी थोडे वाळले होते. दाढी नीट केलेली नव्हती. "पट्टा आणलास?" एवढंच त्यांनी विचारलं. दोघं आत शिरले, मधले हूक लावले, आणि अंधार झाला.

"सरळ."

"हो."

"उजवीकडे. पोरं आहेत."

"हो."

शेपूटरावांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ताईबद्दल विचारलंच, तर सांगायचं की बरी आहे. फक्त बरी आहे. पण भावजींनी विचारलं नाही. टेबलांच्या रांगेतून ते चालत राहिले, कुणी शेपूट ओढली, कुणी फोटो काढला. शेपूटरावांच्या जिवात जीव आला. मग वेषभूषेच्या स्पर्धेची घोषणा झाली आणि ढेरगेंडा मंचाकडे निघाला.

"पायरी."

"हो."

"अजून एक."

"हो."

"डावीकडे घे."

"हो."

"तिने तिकडे पुन्हा अर्ज केलाय?"

"हो."

शब्द निघून गेला. मागून डोकं धावत आलं, पण तोवर उशीर झाला होता. समोरची कंबर थांबली. मंचाच्या मधोमध, सगळ्यांसमोर, ढेरगेंडा स्तब्ध उभा.

"मला वाटलंच," पुढून हलकेच आवाज आला. "तिथल्या मोठ्या डॉक्टरांना गाडी मीच शिकवली आहे. मी बोलतो त्यांच्याशी. तिची नीट व्यवस्था करायला सांगतो. राहायला कुठे, काय... तिला यातलं काही कळत नाही. उद्याच फोन करतो. चल, उजवीकडे."

मागचे पाय हलले नाहीत.

"उजवीकडे म्हटलं ना."

"नाही," शेपूटराव म्हणाले, आणि खाली बसले.

फतकल मारून बसले. ढेरगेंड्याचं मागचं धूड मंचावर टेकलं, पोट ओघळलं, पुढचे पाय तसेच उभे राहिले. लोकांत एकच हशा पिकला. कुणीतरी शिट्टी वाजवली. इतक्या वर्षांत ढेरगेंड्याला कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"ऊठ. लोक बघताहेत."

"तुम्ही फोन करणार नाही म्हणा."

"अरे, मी तिच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठीही नाही. म्हणा."

"तू मला शिकवतोस?"

"नाही. मी बसलोय."

भावजींनी ओढून पाहिलं. हूक ताणले गेले, शिवण करकरली, पण शेपूटराव फोमच्या धंद्यातले, शिवण कच्ची घालत नसत. बाहेर टाळ्यांनी ताल धरला होता. मग समोरची पाठ थोडी हलली. श्वासामुळे की आणखी कशामुळे, ते अंधारात कळायला मार्ग नव्हता.

"ती माझ्याबद्दल काही बोलते?" भावजींनी विचारलं.

शेपूटरावांनी ओठ घट्ट मिटले. एवढं तरी त्यांना जमलं.

पुढून आवाज आला, "बरं. नाही करत."

शेपूटराव उठले. ढेरगेंडा मंचावरून उतरला, दोघं बाहेर पडले, हूक सोडले. भावजी पुढचा भाग खांद्यावर टाकून, पाठमोरेच, गाडीकडे चालते झाले.

घरी आल्यावर शेपूटरावांनी ढुंगण खाली ठेवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय त्यांना पाणीही गिळवलं नसतं. ताईने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"नाही करत म्हणाला?"

"हो. म्हणजे, म्हणाले."

"म्हणताना तोंड कसं होतं त्याचं?"

शेपूटरावांनी खाली ठेवलेल्या ढुंगणाकडे पाहिलं.

"अरे, तोंड बघितलंस की नाही?"

"मी मागे होतो ना, ताई."

ती खुर्चीत बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फोन घेतला, आतल्या खोलीत गेली, बराच वेळ बोलली. बाहेर आली ती बॅग घेऊनच.

"पुढच्या महिन्याचं रद्द. या आठवड्यातच बोलावलंय रुग्णालयाने. मीच विचारलं."

"कधी निघतेस? मी सोडायला येतो. रजा घेतो."

"नको."

"मग कुठल्या गाडीने, ते तरी सांग."

ताईने भावाच्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

"नाही सांगणार रे. तुझ्या पोटात राहत नाही, आणि त्यात तुझी काही चूकही नाही. मला माहीत नाही का?"

शेपूटरावांनी मांडणीवरून डबा काढला.

"निदान डबा किती वाजता करू, ते सांग."

"दोन करून ठेव. सकाळी गेले तर सकाळचा नेईन, संध्याकाळी गेले तर संध्याकाळचा."

शेपूटराव रोज पहाटे उठून दोन डबे करू लागले. बुधवारी कारखान्यातून परतले तेव्हा ताईची बॅग नव्हती. ओट्यावर एक डबा भरलेला तसाच होता. दुसरा तिने घरीच खाऊन, घासून पालथा घातला होता. ती सकाळी गेली की दुपारी, हे त्यावरूनही त्यांना कळलं नाही. ते भरलेला डबा घेऊन बसले आणि गार झालेलं जेवण जेवले.