आबांच्या पेशी मी फेकू देणार नाही

विसरलात ना?

मला माहीत होतं. फोन टुणकन वाजल्याशिवाय तुमच्या डोक्यात काही राहत नाही. म्हणून आज मीच वाजते.

आज किसन आबांना जाऊन वर्ष झालं.

नाव नातीनं घातलंय. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, आणि मला लिहिता येत नाही. मी बोलते, ती टाइप करते. मध्येच म्हणते, "आजी, हे नको ना." मी म्हणते, लिही.

तर, आबा गेले. पण सगळे गेले नाहीत.

थोडे पुण्यात आहेत.

घाबरू नका, सांगते.

आबांना कंपवात होता. डॉक्टर पार्किन्सन म्हणायचे. हात हलायचा ते सगळ्या तलवाडा गावानं पाहिलं. पण त्याच्या लई वर्षं आधी त्यांचं नाक गेलं होतं, ते कुणी पाहिलं नाही.

मेंढरं राखणाऱ्या माणसाचं नाक जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला फ्लॅटमध्ये बसून कळायचं नाही.

आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं असलं, तर त्या मेंढीचं दूध कोकराच्या अंगाला चोळतात. वास जुळला तर ती पाजते, नाहीतर ढुशी मारते. आबा कोकराच्या टाळूला नाक लावून सांगायचे, "आता सोड. घेती."

एका वर्षी नाक लावलं आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं?"

"काई न्हाई. ह्याला वासच न्हाई."

वास कोकराला होता.

मग झोपेत लांडगे हाकलायला लागले. लाथा अशा, की मी बाज वेगळी केली. आम्ही सगळे हसायचो. तेसुद्धा हसायचे.

पुढं आजार कळला, आणि संशोधन करणाऱ्या एक बाई पुण्याहून घरी आल्या. दंडावरची मुगाच्या डाळीएवढी कातडी मागितली.

म्हणाल्या, ह्या कातडीच्या पेशी आम्ही औषधानं मागं बाळपणात नेतो आणि मग काचेच्या बशीत मेंदूच्या पेशी म्हणून वाढवतो. जित्या माणसाच्या मेंदूत हात घालता येत नाही, ह्या मात्र काचेखाली बघता येतात. पेशीच्या आत एक प्रोटीन असतं. आजारात त्याच्या गुठळ्या होतात, भिजलेल्या लोकरीसारख्या. धडधाकट पेशी आपला कचरा आपण काढते. आजारी पेशीत ते झाडणंच बिघडतं.

कावून बिघडतं, ते शोधायचं चाललंय.

मी विचारलं, "मंग ह्यांचा हात थांबल का?"

"नाही आजी. ह्यांना उपयोग होणार नाही. पुढच्यांना कदाचित होईल."

खोटं बोलल्या नाहीत. मला बाई आवडली.

आबांचा आवाज तोवर बसला होता. कान तोंडाशी न्यावा लागायचा. म्हणाले,

"कातडीच मागत्यात ना? मेंढरू तर न्हाई मागत? घ्या म्हणावं."

आता मुद्द्याचं.

परवा माझे धाकटे दीर, सोपान भावजी, भाऊकी घेऊन दारात.

"वहिनी, दादाचा जीव अडकलाय."

"कुठं?"

"पुण्यात. त्या बशीत. अर्धा माणूस जिता ठिवून वर्षश्राद्धाचा घास कसा ठिवायचा? फोन लावा, फेकून द्या म्हणावं. न्हाईतर भाऊकी जेवणार न्हाई. आन् सैपाकाला आमच्या बाया बी येणार न्हाईत."

फोन लावला. बाई म्हणाल्या, "आजी, तुमची इच्छा नसेल तर आम्ही त्या पेशी नष्ट करू. तुम्ही सांगाल तसं."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी म्हणलं, "भावजी, माझी लेकरं बी त्यांच्याच पेशीची हायेत. ती कोण्या उकिरड्यावर टाकू, ते बी सांगून टाका."

मागं कुणीतरी हसलं. भावजी नाही हसले.

"बाई, ठिवा त्या," मी फोनात सांगितलं. "चारापाणी तेवढं येळेवर करा."

भाऊकी चपला घालून निघून गेली.

आता ऐका, भावजी. नात म्हणते, हे फेसबुकवर नको. मी म्हणते, इथंच. तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि ही पोस्ट तुमची पोरं तुम्हाला वाचून दाखवणारच.

रुक्मीण रडत आली होती माझ्याकडं. तुमची बायको, माझी जाऊ. कोपर काळंनिळं. गावाला वाटेल, मारलं. मारलं नाही. तुम्ही झोपेत लाथा झाडता. आणि दूध उतू जाऊन करपलं, तुम्ही चुलीशी बसलेले, तुम्हाला पत्ता नाही.

नाक गेलं म्हणजे हाच आजार, असं नाही. सर्दीनं जातं, वयानं जातं. पण डॉक्टरला दाखवा. लाजू नका.

आणि तेच निघालं, तर त्या बशीत तुमचा दादा तुमच्याचसाठी बसलाय. ज्याला तुम्ही फेकायला निघालात.

म्हणे मुक्ती द्या. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस, रिकामा बसवला तर स्वर्गातूनही उठून येईल.

भाऊकी जेवल्याशिवाय वर्ष सुटत नाही म्हणतात. नसू द्या सुटत. मला घाई नाही.

पण पेशी मी फेकू देणार नाही.

धनी, जेवढे गेलात तेवढे निवांत राहा. जेवढे राहिलात तेवढे कामाला लागा.

बाकीच्यांनी हात जोडलेले फोटो पाठवू नका. ते खाता येत नाहीत. जेवण आज दुपारी आहे. भाजी, आमटी मी रांधली, भाकरीला हात कमी पडतायत. ज्याला आबा आठवतात त्यानं घरून ज्वारीच्या भाकरी पाठवाव्यात. फडक्यात बांधून, मऊ असतानाच.

रुक्मीण, तू शेंगदाण्याची चटणी पाठव.

पोरांच्या हाती नाही. भावजींच्या हाती.