चिंचेवरच्या भुताचं हसू

अंसवेणी अक्का तेव्हा बावन्न वर्षांची होती आणि तिचा आवाज नऊ वर्षांचा. सालिग्रामममधल्या आमच्या गल्लीत नवा भाजीवाला आला की ती खिडकीआडून बारीक आवाजात विचारायची, "मामा, अम्मा विचारतेय, वांगी कशी दिली?" तो म्हणायचा, "बाळा, अम्माला पाठव बाहेर." मग पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची अक्का पायऱ्या उतरून यायची. त्याचं तोंड बघायला गल्लीतली पोरं उन्हात थांबायची.

तीस वर्षं ती तमिळ सिनेमातल्या मुलांना आवाज देत होती. पडद्यावरची मुलं मोठी व्हायची, त्यांना मिशा फुटायच्या, आवाज मात्र तोच. तिचं लग्न टिकलं नव्हतं, मूल नव्हतं. कोणी हळहळलं तर म्हणायची, "दीडशे पोरं हसवून-रडवून मोठी केली मी. एकाचंही नाक पुसावं लागलं नाही."

त्या वर्षी तिच्याकडे एका भुताचा सिनेमा आला. शाळेमागच्या चिंचेवर राहणारं छोटं भूत. परीक्षेच्या आदल्या दिवशी मेलेलं, म्हणून पाढे अर्धेच राहिलेले. रोज संध्याकाळी ते खाली उतरतं आणि पोरांकडून पुढचा पाढा शिकतं. पाढे संपले की त्याला कायमचं जावं लागणार, म्हणून पोरंच मुद्दाम चुकीचं शिकवू लागतात. माझी यामिनी सात वर्षांची होती. अक्का तिला जिन्यात भुताच्या आवाजात सातचा पाढा म्हणून दाखवायची आणि प्रत्येक वेळी एकोणपन्नासवर अडखळायची. यामिनी तिला ओरडून दुरुस्त करायची. तिचा पाढा पाठ झाला तो असा.

भुताचं काम मारननं केलं होतं. त्याची आई पूंगोडी सिनेमावाल्यांच्या जेवणाची भांडी घासायची. आईमागून हिंडणारं हे पोरगं दिग्दर्शकाला दिसलं आणि त्यानं ते उचललं. चित्रीकरण संपलं, डबिंग सुरू झालं, आणि त्याच दिवसांत मारन तापानं गेला. आठवडाही लागला नाही. त्या आठवड्यात मी यामिनीच्या कपाळाला किती वेळा हात लावला त्याची गणती नाही.

सोळाव्या दिवसाचं कार्य झाल्यावर पूंगोडी अक्काकडे आली. मी वाटी परत द्यायला गेले होते, तशीच बसून राहिले. पूंगोडी रडत नव्हती. दाराजवळ टेकली आणि म्हणाली, "अक्का, तुम्ही सगळा सिनेमा पाहिलाय. एवढंच सांगा. तो हसला होता का?"

ती काय विचारत होती ते आम्हा दोघींनाही लगेच कळलं. सिनेमात जो मरतो, त्यानं दृश्य संपताच उठून बसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. ते हसू कॅमेऱ्यात घेतात, मग कोहळा फोडतात. पडद्यावर ते कधीच येत नाही. पण त्याशिवाय मेलेल्याला सेटवरून हलू देत नाहीत, नाहीतर खोटं मरण खरं होतं म्हणे.

"तिरडीचं दृश्य होतं," पूंगोडी म्हणाली. "सकाळपासून उपाशी निजवला होता. 'झालं' असं ऐकू आलं आणि मी धावले. हारासकट उचलून नेला, दहीभात भरवला. मागून कोणी हाक मारली असेल. मी थांबले नाही. जेवल्यावर त्याला परत बोलावलं म्हणे. मी भांड्यांत होते. सगळ्यांना विचारून झालं. जो तो म्हणतो, घेतलं असेल गं. असेल म्हणजे काय, अक्का? असेलवर मी कशी झोपू?"

"ताप डासानं येतो, बाई. हसण्या-न हसण्यानं नाही."

"डॉक्टरही तेच म्हणाले. तुम्ही तेवढं बघून सांगा."

अक्का संकलक दयाळनकडे गेली. दोघांनी त्या दिवसाचं सगळं चित्रीकरण तपासलं. हसू नव्हतं. जेवणानंतर जनरेटर बिघडला होता, कॅमेरा पुन्हा लागलाच नव्हता. सापडला तो एकच तुकडा, दृश्याच्या आधीचा. कोणीतरी मारनच्या गळ्यात हार घालतंय, फुलांनी गुदगुल्या होतात आणि तो थेट कॅमेऱ्याकडे बघून हसतो. हसताना शेवटी श्वास आत ओढतो, पडलेल्या दातातून बारीक शिट्टी वाजते. त्याच शिट्टीवर दिग्दर्शकाचा आवाज येतो, "हसतोस काय रे, अजून मरायचंय तुला."

तो तुकडा अक्कानं मोबाइलवर आणला आणि मला ऐकवला.

"आवाज बंद करून दाखवा," मी म्हटलं.

"मुकं हसू फार वाईट दिसतं, यामिनीम्मा. तीस वर्षं तेच बघतेय मी."

"मग खरं सांगून टाका."

"तू तिच्या जागी असतीस तर?"

यामिनी दोन वर्षांची असताना माझ्या हातातलं गरम रस्सम तिच्या पाठीवर सांडलं. डाग आता पुसट झालाय. तो माझ्यामुळे नाही असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याचे पाय धरले असते.

"हसला म्हणून सांगा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत अक्कानं त्या तुकड्यातला सगळा आवाज काढायला लावला, मारनच्या ओठांवर डोळे ठेवून स्वतः हसली आणि ते हसू त्याच्या तोंडी बसवलं. शिट्टी तेवढी जमली नाही. दात असलेल्या तोंडाला ती जमत नाही, असं मला म्हणाली.

पूंगोडीनं मोबाइल दोन्ही हातांत धरून ते तीनदा पाहिलं.

"हा त्याचा आवाज नाही," ती म्हणाली.

मी अक्काकडे बघायचं टाळलं.

"सिनेमाभर माझाच आवाज आहे गं," अक्का म्हणाली. "मुलांचा पुसून टाकतात. रीतच आहे ती."

"पण हसतोय तो तोच."

"तोच."

"मेल्यानंतर?"

"मेल्यानंतर."

पूंगोडीनं मोबाइलच्या काचेवर बोट फिरवलं, जसं पोराचं तोंड पुसावं. "मग ठीक आहे," असं म्हणून तिनं तो अक्काला परत दिला आणि उठली. चप्पल घालता घालता दारात थांबली. "अक्का, पुसलेला आवाज कुठं जातो? जरासा पण उरत नाही?"

"नाही," अक्का म्हणाली. शिट्टीचा मूळ तुकडा तिच्या हातातल्या मोबाइलमध्येच होता.

त्यानंतर पूंगोडी झोपू लागली, असं ती स्वतःच सांगते. सेटवर ती आता जात नाही. आमच्याच गल्लीत दोन घरची भांडी घासते. जिन्यात भेटली की यामिनीची उंची आपल्या खांद्याशी मोजते आणि म्हणते, "मारन एव्हाना हिच्याएवढा झाला असता." ती निघून गेली की मी यामिनीवरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकते आणि मग माझीच मला लाज वाटते.

दिग्दर्शकाचं ते वाक्य सोडून नुसती मारनची शिट्टी काढता येईल का, असं अक्कानं दयाळनला दोनदा विचारलं. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळलेत, एक ठेवायचा तर दुसरा राहणारच, असं तो म्हणाला. अक्कानं तो तुकडा पुसलाही नाही आणि कोणाला ऐकवलाही नाही. मुलांचे आवाज देणं मात्र तिनं सोडलं. स्टुडिओतून बोलावणं आलं की घसा बसलाय म्हणते.

मागच्या महिन्यात गल्लीत नवा भाजीवाला आला. पोरं नेहमीसारखी उन्हात थांबली. अक्का पायऱ्या उतरून खाली आली, पिशवी पुढं केली आणि आपल्या घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात विचारलं, "वांगी कशी दिली?"